काकूंचे तास

काकू दवाखान्यात गेल्या आणि तिथून परत आल्या नाहीत, म्हणून त्यांचं मशीन घरीच राहिलं. पलंगाच्या उशाशी, चाकांवर उभा, गुडघ्याएवढा पांढरा खोका. खोलीतली हवा ओढून घ्यायचा, त्यातला प्राणवायू वेगळा काढायचा आणि नळीतून काकूंच्या नाकाशी पोचवायचा. चालू असला की घुर्र करायचा, मधूनच एक सुस्कारा टाकायचा, परत घुर्र. सरकारी विमा योजनेतून तो आला तेव्हा भोंगाकाकांनी त्याच्याशी उभा दावा मांडला होता. ह्या ठणाण्याला बाहेर काढा नाहीतर मला काढा, असं ते म्हणत. काकू नाकातली नळी सारखी करत म्हणायच्या, "तुम्हीच जा. तुम्ही ठणाणा करता, त्यात हवा तरी कुठे येते?"

भोंगाकाका हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसून गाड्या पुकारण्यात त्यांची हयात गेली. आवाज असा, की माईक बंद पडला तरी शेवटच्या फलाटावरच्या माणसाने पिशवी उचलावी. निवृत्तीनंतर नोकरी गेली, भोंगा तेवढा मागे राहिला.

सगळं उरकल्यावर मुलगी काही दिवस राहिली. नातेवाइकांना फोन तिनेच केले, भेटायला येणाऱ्यांशी तीच बोलली. काका नुसते मान हलवत बसले होते. "बाबा, चला माझ्याकडे," ती म्हणाली. "बघू," काका म्हणाले. बघू म्हणजे नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. ती आपल्या लांबच्या शहरी निघून गेली आणि तिच्या फोनची गाडी 'जेवलात का' आणि 'गोळ्या घेता ना' यांच्यापुढे कधी गेली नाही.

मग घर खायला उठलं. वाचताना हे वाक्य सोपं वाटतं. पण सकाळी दोन कप काढून एक परत ठेवायचा, नळ बंद केला की दुसरा कुठला आवाजच उरत नाही, आणि आपण खोकलो तर 'पाणी घ्या' असं म्हणायला कोणी नाही, हे दर दिवशी नव्याने कळायला लागलं की ते वाक्य पुरत नाही. मशीन मुकं होऊन कोपऱ्यात उभं होतं. काका त्याच्याकडे पाठ करून बसत.

अशात एका सकाळी फोन वाजला.

"नमस्कार काका! मी विमा योजनेला मशीन पुरवणाऱ्या कंपनीतून बोलतेय. काकूंचे तास दिसत नाहीयेत हो इथे."

बोलणाऱ्या मुलीचा आवाज तरुण होता, हसरा होता. "कसले तास?" काकांनी विचारलं.

"मशीनचे, काका. ते किती वेळ चाललं ते आम्हाला इथे आपोआप कळतं. तास भरले नाहीत तर सरकार आम्हाला त्या महिन्याचं भाडं देत नाही ना. काकू वापरत नाहीयेत का?"

काकांनी श्वास घेतला. "ती गेली," ते म्हणाले.

"कुठे?"

कोणी 'कुठे' असं विचारेल हे काकांच्या स्वप्नातही नव्हतं. 'गेली' म्हटल्यावर लोक 'अरेरे' म्हणतात, 'कधी?' म्हणतात, फार तर 'कशाने?' म्हणतात. पण चूक मुलीचीही नव्हती. काकांच्या तोंडात हा शब्द नोकरीतला होता. खिडकीशी माणूस धापा टाकत यायचा, "गेली का हो?" आणि काका मान वर न करता सांगायचे, "गेली." तोच सूर त्यांच्या नकळत लागला होता, आणि त्या सुरात ऐकलं तर काकू नुकत्याच स्टँडच्या बाहेर पडल्या होत्या.

दुसरा शब्द होता. वारली. दवाखान्याच्या कागदावर तो कोणीतरी लिहिला होता, त्याखाली काकांनी सही केली होती. लेकीने तो नातेवाइकांना फोनवर पुन्हा पुन्हा सांगितला होता. काकांच्या तोंडून मात्र तो अजून एकदाही बाहेर पडला नव्हता. आताही तो घशापर्यंत आला आणि तिथेच बसला.

"लांब," काका कसेबसे म्हणाले.

"लांब होय! आणि परत कधी?"

"ते नाही सांगता येत."

"मग असं करते काका, योजनेत प्रवासाचं छोटं मशीन मिळतं, खांद्याला अडकवायचं. ते पाठवते. पैसे पडत नाहीत, काळजी करू नका." आणि फोन ठेवला गेला.

काकांच्या मनात पहिला विचार आला तो हा, की हे हिला सांगितलं पाहिजे, ही पोट धरून हसेल. ते दोन पावलं स्वयंपाकघराकडे गेलेसुद्धा. मग त्यांना भिंतीला धरून खाली बसावं लागलं.

छोटं मशीन खरंच आलं. पोचवणारा माणूस घामाघूम होऊन दारात उभा राहिला, एका हातात खोका आणि दुसऱ्यात सही घ्यायची पाटी. काकांनी त्याला पाणी दिलं आणि म्हणाले, "बाबा रे, हे राहू दे. उलट ते मोठं घेऊन जा."

"मला आणून द्यायचे पैसे मिळतात काका. न्यायचे कोणी देत नाही." त्याने पाणी संपवलं. "आणि ते मोठं नेलं की त्याचं भाडं बंद. कंपनी काय वेडी आहे का?"

"अरे, पण ते वापरणारं माणूस..."

पोचवणारा हुशार होता. त्याने नीट अंथरलेला पलंग पाहिला, गुंडाळून ठेवलेली नळी पाहिली, काकांचा चेहरा पाहिला आणि पाटी पुढे केली. "मला काही सांगू नका. मला सही पाहिजे."

काकांनी सही केली. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, ही म्हण त्यांनी खिडकीत बसून शेकडो वेळा ऐकवली होती, पण ते पीठ आपल्याच घरी पोचवायला येईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. एका सरकारी खात्यात काकू वारल्या होत्या, दुसऱ्या सरकारी खात्यात त्या प्रवासाला निघाल्या होत्या, आणि ह्या दोन खात्यांची आपसात बोलाचाली नव्हती.

त्याच दुपारी त्यांनी मोठं मशीन चालू केलं. कोणाला फसवायचा विचार त्यात नव्हता. डोळा लागत नव्हता, एवढंच. बटण दाबलं, घुर्र झालं, मग तो सुस्कारा आला आणि भोंगाकाका कितीतरी दिवसांनी गाढ झोपले. जाग आली तेव्हा क्षणभर सगळं होतं तसं होतं. तो एक क्षण रोज मिळावा म्हणून ते रोज बटण दाबू लागले.

आठवड्याने फोन. "काका, तास भरायला लागले! आल्या वाटतं काकू?"

इथे तरी माणसाने खरं बोलावं. पण तिने इतक्या आनंदाने विचारलं होतं! काकू आल्याचा आनंद झालेलं दुसरं माणूस ह्या जगात नव्हतं.

"आली," काका म्हणाले.

त्यानंतर ही कंपनीतली मुलगी दर आठवड्याला फोन करू लागली. तिला तसं सांगितलेलंच होतं. ज्यांचे तास छान भरतात त्यांना धरून ठेवायचं, आणि योजनेत बसणारं आणखी काय देता येईल ते बघायचं. तिने हे लपवलंही नाही. "तुमच्या काकूंमुळे माझा महिना निघतो बघा," ती म्हणायची. काकूंचे गुडघे दुखतात का? काकांना आठवलं, दुखायचे खरे. गुडघ्यांचे पट्टे आले. पाय गार पडतात का? पाय शेकायची पिशवी आली. पाठीसाठी हवेची गादी आली, उठताना धरायचा दांडा आला, मशीनच्या नळ्या तर गठ्ठ्याने आल्या. सगळं काकूंच्या पलंगावर रचलं गेलं. एवढी बडदास्त त्या बाईची जिवंतपणी कधी कोणी ठेवली नव्हती, काकांनीसुद्धा नाही.

आणि काका बोलायचे. काल काय झालं, काकू काय म्हणाल्या, कशावरून भांडण झालं. आधी ते आठवून सांगायचे, मग आठवणी पुरेनात तेव्हा रचून सांगू लागले. फोन ठेवला की खोली आधीपेक्षा मोठी वाटायची.

खालच्या मजल्यावर मास्तर राहत. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणाचे. उभा जन्म कापडाच्या धुळीत काढल्यामुळे त्यांची छाती कामातून गेली होती. मास्तरीणबाई काकूंच्या खास मैत्रीण, शेवटी दवाखान्यात काकांच्या बरोबर त्याच होत्या. त्या एकदा जिन्यात भेटल्या, हातात भाजीची पिशवी, डोळे सुजलेले.

"कसे आहेत मास्तर?"

"डॉक्टरांनी मशीन लिहून दिलंय काका, तुमच्याकडे होतं तसलं. पण योजनेत यंदाचा निधी संपलाय म्हणतात. पुढच्या वर्षी नाव घालू म्हणाले." त्या थोडं हसल्या. "मी म्हटलं, बरं. ह्यांना सांगते पुढच्या वर्षीपर्यंत श्वास धरून ठेवायला."

काकांनी वर जाऊन खांद्याला लावायचं छोटं मशीन आणून दिलं. मास्तरीणबाईंनी ते दोन्ही हातांनी घेतलं, कुठून आलं हेही विचारलं नाही. काकांना हलकं वाटलं. पण खरं सांगायचं तर हे उसनं औदार्य होतं. आपल्याला नको असलेली वस्तू त्यांनी दिली होती आणि हवी असलेली वर ठेवली होती.

पुढे एका दुपारी वीज गेली. मोठं मशीन थांबलं, घर एकदम शांत झालं आणि त्या शांततेत उघड्या खिडकीतून खालचा आवाज वर आला. मास्तर श्वास घेत होते. घेत म्हणजे काय, प्रत्येक श्वासाशी झटत होते. ओढायचे, अडकायचे, मग एक बारीक शीळ, मग परत ओढणं. हा आवाज काकांच्या ओळखीचा होता. काकूंचा शेवटचा आठवडा असाच गेला होता.

ते खाली धावले. मास्तर उशांना टेकून बसले होते, छोटं मशीन नाकाशी होतं.

"हे चार पावलं चालताना ठीक आहे," मास्तरीणबाई त्यांची पाठ चोळत म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात, झोपेत मोठंच लागतं." वरचं मशीन दुपारभर रिकाम्या खोलीत घुरघुरतं, हे खाली ऐकू येतच असणार. त्या दोघांनी कधी त्याचा विषय काढला नव्हता. काकांना जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

एवढं होऊनही त्यांनी एक दिवस जाऊ दिला. वीज आली, त्यांनी बटण दाबलं, आडवे झाले, पण आता घुर्र्‌च्या खालून ती शीळ ऐकू येत होती. दुसऱ्या सकाळी त्यांनी मास्तरीणबाईंना हाक मारली आणि दोघांनी मिळून ते धूड एकेक पायरी उतरवलं. डॉक्टरांना विचारून हवा किती सोडायची ते ठरलं. संध्याकाळपर्यंत मास्तरांच्या ओठांना रंग आला आणि ते बायकोवर ओरडले, तेव्हा सगळ्यांनाच हायसं वाटलं.

वरच्या घरात आता मशीनही नव्हतं. काका पलंगावरचे गुडघ्यांचे पट्टे बाजूला सारून त्या जागी बसून राहत.

"काका!" मुलीचा पुढचा फोन. "काकूंचे तास केवढे वाढलेत! दिवसरात्र लागतंय का आता? त्रास वाढलाय?"

"हो, थोडा."

"बिचाऱ्या. पण किती गोड आहेत हो त्या. कध्धी तक्रार नाही."

ह्या वाक्याने मात्र काका हबकले. फोनवरच्या काकू दिवसेंदिवस गोड होत चालल्या होत्या. खऱ्या काकू गोड नव्हत्या. त्या तिखट होत्या, तक्रारखोर होत्या, भाजीवाल्याशी दहा मिनिटं भांडून वर त्यालाच प्यायला पाणी देणाऱ्या होत्या. काकांनी त्यांचा खरा आवाज आठवायचा प्रयत्न केला, तर आधी आपणच रचलेली वाक्यं आठवली. बायको एकदा हातातून सुटली होती, आता बोलून बोलून ते तिला दुसऱ्यांदा घालवत होते. नको, पुरे झालं हे, त्यांनी ठरवलं. सांगून टाकायचं. मशीन मास्तरांच्या नावावर करून घ्यायचं, रीतसर, आणि बायकोला सुखाने मरू द्यायचं.

त्यांनी सराव केला. आरशासमोर, मग खिडकीशी. वारली. माझी पत्नी वारली. आयुष्यभर शेकडो गावांची नावं बिनचूक पुकारलेला माणूस तीन अक्षरांवर अडखळत होता. तिसऱ्या दिवशी ते जमेलसं वाटलं आणि त्यांनी स्वतःहून फोन लावला. एक दाबा, दोन दाबा, थांबा, असं करत शेवटी तीच मुलगी आली.

"अय्या काका, तुम्ही! काकू बऱ्या आहेत ना?"

शब्द जिभेवर होता. पण काका खिडकीतले जुने माणूस होते, आधी चौकशी करायची त्यांना सवय. "एक विचारायचं होतं," ते म्हणाले. "समजा, मशीन वापरणारं माणूस राहिलं नाही. तर पुढे काय करता?"

"मयत झालं तर? आता फार कडक झालंय काका. कुठेतरी म्हणे मेलेल्या माणसांच्या नावावर भाडी निघाली, मोठा गोंधळ झाला. आता कळवलं की दुसऱ्याच दिवशी गाडी येऊन मशीन घेऊन जाते."

"आणि मग ते दुसऱ्या कोणा गरजूला? समजा, त्याच इमारतीत कोणी असेल?"

"छे हो. परत आलेल्या मशीनला सरकार भाडं कमी धरतं, कंपनीला परवडत नाही. ती गोदामात पडून राहतात. आणि नवीन नावं तर यंदा बंदच आहेत, तुम्हाला माहितीये ना?" मग तिचा आवाज उतरला. "काका, तुम्ही असलं का विचारताय? काकूंना काही झालं नाही ना?"

खालून मास्तरांच्या शिवणयंत्राचा आवाज येत होता. बऱ्याच महिन्यांनी ते पायडलवर बसले होते. काम काही नव्हतं, नुसती एक चिंधी उलटसुलट शिवत होते बहुतेक. त्याच्या जोडीला घुर्र चालू होतं आणि मधूनच सुस्कारा.

"नाही, नाही," काका म्हणाले. "तिला काय होतंय. बरी आहे."

"घाबरवलंत मला! सांगा त्यांना, मी आठवण काढली म्हणून."

"सांगतो."

फोन ठेवून काका पलंगाकडे वळले. तिथे पट्टे, पिशव्या, नळ्या, हवेची गादी, आणि उशीचा एक कोपरा. "ऐकलंस?" ते म्हणाले. "आता तुला इतक्यात मरता यायचं नाही. खाली मास्तर आहेत." विनोद म्हणूनच ते बोलायला गेले होते. पण पुढचं हसू आलं नाही, दुसरंच काहीतरी आलं, आणि ज्या आवाजाने सबंध स्टँड जागा व्हायचा त्या आवाजात भोंगाकाका रडले. दवाखान्यात रडले नव्हते, लेकीसमोर रडले नव्हते. ते सगळं आता एकदम बाहेर पडलं, आणि ते झाकायला घरात दुसरा कुठला आवाज नव्हता.

खालचं शिवणयंत्र थांबलं. जिन्यात पावलं वाजली. मास्तरीणबाई दारात आल्या, हात पिठाचे.

"काका? काय झालं हो?"

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. ओठ दोनदा हलले.

"ती वारली," ते म्हणाले.

त्या रात्री दवाखान्यात काकूंचे डोळे मास्तरीणबाईंनीच मिटले होते. पण आत्ताच कळल्यासारखा त्यांनी तोंडावर हात नेला, आणि त्या आत येऊन काकांच्या शेजारी जमिनीवर बसल्या.

"कधी हो?" त्यांनी विचारलं.

आणि काका सांगू लागले.